नमस्कार, मी तुमची नवी शिक्षिका

आमच्या शाळेच्या गणिताच्या एक बाई येत्या ऑगस्टमध्ये टांझानियातील दार-एस-सलाम इथल्या एका आंतरराष्ट्रीय शाळेत रुजू होत आहेत. अकरा वर्षे त्या आमच्याकडे होत्या. बातमी बहुतेक पालकांना ठाऊक आहेच, आणि तिच्यावर शाळेच्या फाटकाशी व्हायची ती चर्चाही होऊन गेली आहे. पगार किती, राहायला घर देतात का, यजमान काय करणार, मुलीच्या दहावीचे काय, इथपर्यंत सगळे विचारून झाले. आम्हांला लिहायचे आहे ते जाण्याआधी बाईंना जे एक पान लिहावे लागले त्याविषयी.

त्या शाळेची पद्धत अशी, की ऑगस्टमध्ये जे नवे शिक्षक येणार त्यांच्याकडून मे महिन्यातच एकेक पानाची ओळख मागवायची, सोबत एक फोटो, आणि ती सारी पाने एकत्र करून जूनच्या सुट्टीआधी घरोघरी पाठवायची. पुष्कळ आंतरराष्ट्रीय शाळा असे करतात. तिथले शिक्षक बहुधा दोन वर्षांच्या करारावर येतात. करार वाढवून मिळतो, काही जण दहा-दहा वर्षेही राहतात. पण दर ऑगस्टला काही चेहरे गेलेले असतात आणि काही नवे आलेले असतात. मुलांचेही तेच. कोणाचे वडील वकिलातीत, कोणाची आई मदतकार्य करणाऱ्या संस्थेत, कोणाचा व्यापार. बदली झाली की मूल या वर्गातून उठते आणि दुसऱ्या देशातल्या वर्गात जाऊन बसते. सहावीतल्या मुलाची ती तिसरी शाळा असली तर तिथे त्याचे कोणाला नवल वाटत नाही.

अशा मुलाच्या हाती हे ओळखीचे पान पडते. ते मूल त्यात काय शोधत असेल? आम्ही एक सोपा उपाय केला. आमच्याच सातवीच्या वर्गात जाऊन विचारले, की समजा पुढच्या महिन्यात एक नव्या बाई येणार आहेत, तर त्यांच्याविषयी आधी काय कळावेसे वाटेल? पहिला प्रश्न आला, "मारतात का?" वर्ग हसला, आम्हीही हसलो, आणि मग जरा ओशाळलो. पुढचे प्रश्न असे: गृहपाठ किती देतात? समजले नाही तर पुन्हा सांगतात की ओरडतात? त्यांना काय म्हणायचे, बाई की टीचर? त्यांना गुजराती येते का? शेवटच्या बाकावरच्या एका मुलीने विचारले, "किती दिवस राहणार?" बी.एड. कोणत्या महाविद्यालयातून केले, हे एकानेही विचारले नाही.

आता शाळेने नमुन्यादाखल पाठवलेल्या गेल्या वर्षीच्या पानांविषयी. मधल्या सुट्टीत चहा घेता घेता आम्ही ती वाचली. लिहिणारे वेगवेगळ्या देशांतले, पण तिसऱ्या पानानंतर कोणाचे कोणते ते लक्षात राहीना. प्रत्येकाला प्रवास आवडतो. प्रत्येकाला नवनवे पदार्थ करून पाहायला आवडतात, डोंगर चढायला आवडते, आणि बहुतेकांकडे एक कुत्रा आहे. शिकवण्याची 'तळमळ' तर सर्वांनाच आहे. आणि जवळजवळ प्रत्येकाचे लहानपणापासून 'आफ्रिकेला' जाण्याचे स्वप्न होते. दोघांनी सिंहांचा उल्लेख केला होता.

आफ्रिकेत ५४ देश आहेत. त्यांतल्या एकट्या टांझानियात १२०हून अधिक भाषा बोलल्या जातात. दार-एस-सलाम हे हिंदी महासागराच्या काठचे, पन्नास लाखांवर वस्तीचे शहर आहे. ज्या मुलाला हे पान वाचायचे आहे ते त्या शहरात राहते, सकाळी वाहनांच्या गर्दीतून वाट काढत शाळेत पोहोचते आणि घरी जाऊन अभ्यास करते. त्याला 'मला सिंह पाहायची ओढ आहे' असे सांगण्यात काय हशील? उद्या कोणी परदेशी शिक्षक बडोद्याला येणार म्हणून आमच्या मुलांना असेच लिहील, तर आम्हांला कसे वाटेल? सिंह गुजरातेत आहेत हे खरे. पण ते गीरमध्ये आहेत, आणि आमची मुले मांडवीच्या आसपास राहतात.

हे लिहिताना आम्हांला आमचीही एक गोष्ट कबूल केली पाहिजे. आमच्या शहरातल्या विद्यापीठांत आफ्रिकेतल्या कितीतरी देशांतून विद्यार्थी येतात. रिक्षाच्या थांब्यावर, भाजीबाजारात ते आपल्याला दिसतात. त्यांतल्या एकाला तरी 'तुमचा देश कोणता' असे विचारून, त्याने सांगितलेले नाव आपण घरी येऊन नकाशात पाहिले आहे का? उलट आमच्या काही मुलांच्या तोंडी त्यांच्यासाठी जे शब्द आहेत ते इथे छापण्यासारखे नाहीत. ते शब्द मुले शाळेत शिकलेली नाहीत, असे म्हणून आम्ही हात झटकू शकतो. पण कुठे शिकली हेही आम्हांला ठाऊक आहे.

असो. बाईंच्या पानाकडे वळतो.

त्यांच्या पानात सिंह नव्हता, कुत्राही नव्हता. बी.एससी., बी.एड., अकरा वर्षांचा अनुभव, तालुक्यातल्या गणित प्रदर्शनात दोनदा मुलांना घेऊन गेल्याचा उल्लेख, फावल्या वेळात वाचन व भरतकाम. इंग्रजी नीटनेटके. वाचून आम्ही मान डोलावली, आणि मग आमच्यातल्या एकांच्या लक्षात आले, की पानात आमची शाळा कुठेच नाही. म्हणजे शाळेचे नाव होते. पण शाळा मराठी माध्यमाची आहे, हे नव्हते. तिथे लिहिले होते, 'पश्चिम भारतातील एक जुनी, नावाजलेली शाळा'.

आम्ही विचारले. बाई थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "तुम्हांला सांगायला काय जातं? मी वर्गात पाऊल ठेवायच्या आधीच तिथले आईबाप म्हणतील, ही तर देशी भाषेत शिकवणारी. इंग्रजीत गणित शिकवणं हिला कसं जमणार? एकदा तसं मनात बसलं की पुढं दोन वर्षं तेच पुसत बसायचं."

आम्हांला राग आला, हे लपवत नाही. स्टाफरूममध्ये आवाजही चढले. पण राग उतरल्यावर आम्ही शाळेच्या दर्शनी भिंतीवरचा फलक आठवून पाहिला. 'इंग्रजी संभाषणाचे खास वर्ग' ही अक्षरे त्यावर हातभर उंचीची आहेत, आणि 'मराठी माध्यम' हे शब्द खाली, देणगीदारांच्या नावांच्या आकाराचे. बाईंनी आपल्या पानावर जे केले ते आम्ही भिंतीवर आधीच करून ठेवले होते. मग त्यांच्याशी कोणत्या तोंडाने भांडायचे?

तरीही आमचे मत बदललेले नाही, आणि त्यामागे केवळ भाषेचा अभिमान आहे असे कोणी समजू नये. त्या शाळेला हवी अशी जी एक गोष्ट बाईंकडे आहे ती त्यांना इथेच, या माध्यमामुळे मिळाली आहे. आमच्या पाचवीच्या वर्गात मुले घरी मराठी बोलतात, गल्लीत गुजराती, दूरदर्शनसमोर हिंदी, आणि गणिताच्या चिन्हांची व अवघड शब्दांची इंग्रजी नावे शिकवणीत ऐकून येतात. या चार भाषांच्या गर्दीत मूल नेमके कुठे अडखळते, हे ओळखणे बाईंचे कसब आहे.

एक उदाहरण देतो. आपण 'पंचवीस' म्हणतो. त्यात पाच आधी ऐकू येतात, वीस मागून. लिहिताना मात्र २ आधी, ५ नंतर. बाईंनी पाहिले, की काही मुले 'पंचवीस' ऐकले की आधी ५ लिहितात आणि मग त्याच्या डावीकडे जागा शोधून २ बसवतात. उत्तर बरोबर येते, पण घाईत कधी ५२ होतात. त्याच मुलांना इंग्रजीत आकडा सांगितला तर ही गफलत होत नाही, कारण तिथे वीस आधी येतात. मग मूल गणितात कच्चे आहे म्हणायचे की कानाने ऐकलेले हाताने उलटे करताना गोंधळले म्हणायचे? बाई अशा मुलाला कधी 'मूर्ख' म्हणाल्या नाहीत. त्या त्याला आकडा मोठ्याने म्हणायला लावून मग दशकाच्या घरावर बोट ठेवायला लावायच्या. पंधरा दिवसांत गाडी रुळावर.

ही अडचण आपल्या एकट्यांची नाही. गुजराती 'पचीस'चीही तीच चाल आहे. जर्मन, डच आणि अरबी भाषांतही पाच आधी, वीस मागून. कन्नडमध्ये उलट, आधी वीस मग पाच. स्वाहिलीतही तसेच सरळ: 'इशिरिनी ना तानो', म्हणजे वीस आणि पाच. फ्रेंच मुलाला ८० म्हणजे 'चार वीस' म्हणावे लागते, आणि त्याला हसू नये, कारण आपल्या आज्या आंबे आणि गोवऱ्या 'चार विसा' अशाच मोजत. आणि आपल्या 'एकोणतीस'ला तर तोड नाही, तीस यायच्या आधीच त्यांतून एक वजा करून बसलेले! २०१९ साली महाराष्ट्रात बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'वीस पाच' या धर्तीचे संख्यावाचन आले तेव्हा केवढा गदारोळ झाला हे वाचकांना आठवत असेल. बाजू कोणाची बरोबर हा वाद इथे उकरून काढत नाही. पण आकडा उच्चारण्याची रीत मुलाच्या गणितात येऊन बसते, हे तेव्हा घरोघरी कळले.

आता दार-एस-सलामच्या त्या वर्गाची कल्पना करा. एका बाकावर स्वाहिली बोलणारे मूल, शेजारी गुजराती, मागे जर्मन किंवा डच, पलीकडे अरबी. शिकवण्याची भाषा इंग्रजी. या वर्गात पंचवीस चार दिशांनी येतात. अशा वर्गासमोर उभे राहायला जन्मभर एकाच भाषेत शिकवलेला शिक्षक अधिक तयार, की आमच्या बाई? आणि हीच गोष्ट त्या पानातून गाळायची?

आमचे म्हणणे एवढेच होते, आणि अजूनही आहे, की जो नवा शिक्षक येतो त्याने मुलांना आपण कोठून आलो ते खरे सांगावे. मोठेपणा म्हणून सांगू नये आणि लाज म्हणून झाकू नये. जे मूल स्वतः तीन देशांतून फिरून आले आहे त्याला झाकलेले लगेच कळते. दुसरे, आपल्याला काय येत नाही तेही सांगावे. बाईंना स्वाहिली येत नाही, त्यांनी यापूर्वी पंचवीस मुलांच्या वर्गात शिकवलेले नाही (आमचे वर्ग पंचावन्नचे), आणि परदेशी अभ्यासक्रमात मुले आपला प्रकल्प आपणच ठरवतात ती रीत त्यांना नवी आहे. हे लिहिल्याने पालकांचा विश्वास कमी होईल असे त्यांना वाटत होते. आम्हांला वाटते वाढेल. आणि तिसरे, किती दिवस राहणार ते सांगावे. दोन वर्षांचा करार असेल तर 'दोन वर्षे नक्की' असे लिहावे. शेवटच्या बाकावरची मुलगी सगळ्या शाळांत असते.

शाळेसमोरच्या स्टेशनरीच्या दुकानातले गुजराती काका आपल्या सर्व विद्यार्थ्यांच्या परिचयाचे आहेत. त्यांचा जन्म दार-एस-सलामचा, हे मात्र आम्हांला या निमित्ताने कळले. १९७१ साली तिथल्या सरकारने भाड्याने दिलेल्या मोठ्या इमारती ताब्यात घेतल्या. त्यानंतर पुष्कळ भारतीय कुटुंबे तो देश सोडून निघाली, त्यांतलेच एक त्यांचे. आमच्या शहरात अशी कितीतरी गुजराती घरे आहेत. काही दार-एस-सलाम, मोंबासा, नैरोबीहून आलेली, काही १९७२ साली इदी अमीनने युगांडातून घालवलेली. आपल्या मराठी घरांनी त्यांचे शेजारी म्हणून पन्नास वर्षे काढली, आणि त्यांना त्या देशांविषयी कधी चार प्रश्न विचारले नाहीत. गायकवाडांबरोबर आपले पूर्वज इथे कसे आले हे मात्र आपण त्यांना पुष्कळदा ऐकवले.

काकांनी बाईंना दुकानातच बसवून धडा दिला. म्हणाले, पानाच्या सुरुवातीला 'जाम्बो' लिहू नका, तो प्रवाशांसाठीचा शब्द. तिथे मोठ्या माणसाला लहानाने 'शिकामो' म्हणायचे आणि मोठ्याने 'मराहाबा' म्हणून तो नमस्कार घ्यायचा. 'शिकामो'चा मूळ अर्थ 'मी तुमचे पाय धरतो' असा सांगतात. बाईंना हे फार ओळखीचे वाटले. कोणाच्या दारात गेलात तर 'होडी' अशी हाक द्यायची आणि आतून 'करिबू' आल्याशिवाय उंबरा ओलांडायचा नाही. दुकानाला 'दुका', गाडीला 'गारी', लाखाला 'लाकी', पैशाला 'पेसा', चपातीला 'चपाती'. गणिताला 'हिसाबाती'! हे ऐकून बाई प्रथमच मोकळेपणी हसल्या. शाळेला मात्र 'शुले' म्हणतात, कारण पहिल्या महायुद्धापूर्वी तिथे जर्मनांचे राज्य होते आणि जाताना ते तेवढा शब्द ठेवून गेले.

घड्याळाची गंमत काकांनी शेवटी सांगितली. स्वाहिलीत दिवस उजाडल्यापासून तास मोजतात. सकाळचे सात म्हणजे 'सा मोजा', तास पहिला. साडेसात म्हणजे दीड. म्हणजे शाळा साडेसातला भरते असे इंग्रजीत सांगितले आणि एखाद्या आजीने स्वाहिलीत ऐकले, तर सहा तासांचा फरक! गणिताच्या शिक्षिकेला वर्गात पहिल्या दिवशी यापेक्षा चांगले उदाहरण कोणते हवे?

आणि एक गोष्ट काकांनी फार आदराने सांगितली. टांझानियाचे पहिले राष्ट्राध्यक्ष ज्युलियस न्येरेरे राजकारणात पडण्यापूर्वी शाळामास्तर होते, दार-एस-सलामजवळच्या पुगू इथल्या शाळेत शिकवत. १९५५ साली त्यांनी ती नोकरी सोडली. देशाचे सर्वोच्च पद मिळाल्यावरही लोक त्यांना 'म्वालिमू' म्हणजे 'शिक्षक' असेच म्हणत आणि आजही त्यांचा उल्लेख तसाच होतो. शेक्सपिअरचे 'ज्युलियस सीझर' त्यांनी स्वतः स्वाहिलीत आणले. सरकारी प्राथमिक शाळा तिथे स्वाहिलीत चालतात आणि माध्यमिक शिक्षण इंग्रजीत. त्या सांध्यावर किती मुले गळतात याची चर्चा तिथेही होते. माध्यमाचा प्रश्न घेऊन आपण एकटेच बसलेलो नाही.

विश्वस्त मंडळातील एका ज्येष्ठांचे म्हणणे आमच्या कानी आले आहे, आणि त्याला उत्तर देणे आमचे कर्तव्य आहे. ते म्हणाले, की शाळा सोडून जाणाऱ्या शिक्षिकेवर वार्तापत्रात पाने भरणे म्हणजे बाकीच्यांनाही वाट दाखवणे. शिवाय या आंतरराष्ट्रीय शाळा धनिकांच्या. त्यांच्याकडून आपण काय घ्यायचे? दुसऱ्या मुद्द्यात तथ्य आहे. अशा बहुतेक शाळांची फी त्या त्या देशातल्या सर्वसाधारण कुटुंबाच्या आवाक्याबाहेर असते, आणि ज्या देशाच्या नावाने त्या चालतात तिथली मुले त्यांत कमीच दिसतात. पण सगळ्या शाळांना एका मापाने मोजू नये. स्वाझीलँडमध्ये (२०१८पासून त्या देशाचे नाव एस्वातिनी) १९६३ साली वॉटरफोर्ड नावाची शाळा निघाली ती शेजारच्या दक्षिण आफ्रिकेतील वर्णभेदाला उत्तर म्हणून. तिथे सर्व वर्णांची मुले एका वर्गात बसली. नेल्सन मंडेला तुरुंगात असताना त्यांच्या दोन्ही धाकट्या मुली तिथे शिकल्या. पुढे ती शाळा ज्या युनायटेड वर्ल्ड कॉलेजेसच्या परिवारात आली, त्याच परिवाराचे एक महाविद्यालय १९९७पासून पुण्याजवळ मुळशीच्या बाजूला आहे.

पहिल्या मुद्द्याला आमचे उत्तर जरा कडू आहे. वाट दाखवायला वार्तापत्र लागत नाही. शिक्षकांना ती ठाऊक असते. आणि येणाऱ्यांचे आपण काय करतो?

गेल्या वर्षी नोव्हेंबरमध्ये आठवी व नववीला विज्ञान शिकवायला एक सर आले, तात्पुरत्या नेमणुकीवर. आदल्या दिवशी कार्यालयातून वेळापत्रकाचा कागद त्यांच्या हाती दिला गेला आणि दुसऱ्या दिवशी ते वर्गात उभे राहिले. कोणी त्यांची ओळख करून दिली नाही. मुले त्यांना 'नवे सर' म्हणू लागली. पाच महिने त्यांनी शिकवले. प्रयोगशाळेतली बंद पडलेली दोन सूक्ष्मदर्शके घरी नेऊन दुरुस्त करून आणली. मार्चअखेर नेमणूक संपली आणि ते गेले. त्यानंतर नववीच्या एका मुलाला आम्ही सरांचे आडनाव विचारले. त्याने शेजाऱ्याकडे पाहिले. शेजाऱ्याने आमच्याकडे पाहिले. पाच महिन्यांनंतरही ते 'नवे सर'च होते. खरे सांगायचे तर आडनाव आम्हांलाही कार्यालयात जाऊन विचारावे लागले.

पूर्वी आमच्या शाळेला ओळखीच्या पानांची गरज नव्हती. शिक्षक एकदा लागले की तीस वर्षांनी निवृत्त होत. वडिलांना शिकवलेल्या बाई मुलाला शिकवत आणि 'तू अमक्याचा ना, मग नऊचा पाढा येत नसणारच' असे म्हणत. त्या शाळेची आठवण आपण इतकी जपली, की शाळा बदलली हे ध्यानातच आले नाही. आता आमच्याकडेही शिक्षक करारावर येतात, काही महिन्यांत जातात, परगावची असतात, कधी मराठी घरातली नसतात. दार-एस-सलामच्या शाळेने हे सत्य मान्य करून त्यासाठी एक पान ठेवले आहे. आम्ही मान्यही केले नाही, आणि पानही ठेवले नाही.

म्हणून विश्वस्त मंडळाला आमची विनंती अशी, की यापुढे जो शिक्षक येईल, कायम असो वा चार महिन्यांचा, त्याचे एक पान वार्तापत्रात यावे, आणि वर्ग सुरू होण्यापूर्वी यावे. ते त्याने स्वतः लिहावे. कार्यालयाने अर्जातली माहिती उतरवून देऊ नये. मुलांचे प्रश्न आधी त्याच्याकडे पाठवावेत, म्हणजे त्याला भरतकाम आणि प्रवासाच्या आवडीत शिरावे लागणार नाही. आणि शाळेनेही त्याला एक पत्र लिहावे. आमचे वर्ग कसे, अडचणी कोणत्या, डबा कुठे खायचा, पावसाळ्यात मागच्या जिन्याने का जायचे नाही, सारे. ओळख दोन्ही बाजूंनी झाली पाहिजे. यात खर्च आहे तो छपाईच्या एका पानाचा. तेवढी जागा शुभेच्छांच्या जाहिरातींतून निघू शकेल.

बाईंनी अखेर आपले पान पुन्हा लिहिले. ते त्यांच्या परवानगीने थोडक्यात सांगतो. पहिल्याच ओळीत त्यांनी लिहिले, की मी बडोद्याच्या मराठी माध्यमाच्या शाळेत अकरा वर्षे गणित शिकवले, आणि माझ्या वर्गात चार भाषा बोलल्या जात. मग पंचवीसची गोष्ट. मग, मला स्वाहिली येत नाही, पण 'होडी' म्हणायला शिकले आहे, तुम्ही 'करिबू' म्हणालात की आत येईन. मी दोन वर्षांसाठी येत आहे. समजले नाही तर तीनदा सांगेन, चौथ्यांदा तुम्ही मला सांगायचे. मला काय म्हणायचे ते तुम्ही ठरवा. इथे मला 'बाई' म्हणतात, आणि तो शब्द आईलाही म्हणतात, मोलकरणीलाही आणि शिक्षिकेलाही. शेवटी मुलांना एकच प्रश्न: तुमच्या घरी पंचवीस कसे म्हणतात, ते मला लिहून कळवाल का?

पदव्या खाली एका ओळीत गेल्या. भरतकाम मात्र राहिले. ते काढायला बाई तयार झाल्या नाहीत, आणि बरोबरच होते, कारण त्या ते खरोखरच करतात.

हा अंक छपाईला जाईपर्यंत बाईंना तिथून नऊ उत्तरे आली आहेत. एका मुलीने कळवले आहे, की तिची आई डच आणि वडील टांझानियाचे, त्यामुळे घरात पंचवीस दोन तऱ्हेने म्हणतात आणि टेलिफोन नंबर सांगताना भांडणे होतात. एका गुजराती मुलाने 'पचीस' लिहून पुढे विचारले आहे, की तुमच्या शाळेसमोर दाबेली मिळते का. एका पालकांनीही लिहिले आहे. इंग्रजीविषयी त्यात काही नाही. 'मराठी माध्यमात अपूर्णांक कसे शिकवतात ते एकदा पाहायला आवडेल' एवढेच आहे.

आमच्याकडे या सत्रात तीन नवे शिक्षक आले आहेत: विज्ञानाच्या बाई, संस्कृतचे सर आणि खेळाचे सर. मंडळाच्या निर्णयाची वाट न पाहता आम्ही तिघांनाही पाने लिहायला सांगितले आहे. ती पुढील अंकात येतील. मुलांच्या प्रश्नांसाठी कार्यालयाबाहेर झेरॉक्सच्या यंत्राशेजारी पुठ्ठ्याची एक पेटी ठेवली आहे. पहिल्या दिवशी तीत सात चिठ्ठ्या पडल्या. दोन संस्कृतच्या सरांना आहेत, एक विज्ञानाच्या बाईंना, आणि चार खेळाच्या सरांना. त्या चारही चिठ्ठ्यांत एकच प्रश्न आहे, की परीक्षा जवळ आल्यावर तुमचा तास गणिताला देणार का?